नाताळची ताटं परत करताना: पेरूची चीज

२६ डिसेंबरच्या सकाळी आमच्या ओट्यावर दुसऱ्यांची ताटं साचलेली असतात. मावशीच्या करंज्यांचं एक, समोरच्या घरातून आलेलं कलकल (नाताळात करतात ते छोटे, गोड, तळलेले शंख) आणि केकचं एक. ज्या काकूंकडून दिवाळीत फराळ येतो, त्यांना आम्ही नाताळचं ताट पाठवलं होतं. त्या बदल्यात त्यांनी तिळाच्या वड्या भरून दिलेला डबाही तिथेच असतो. वसईत काय किंवा कुठेही काय, आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. आणि त्यात घालायला पेरूच्या चीजसारखी दुसरी वस्तू नाही.

नाव चीज असलं तरी यात दुधाचा संबंध नाही, ही पेरूचा गर साखरेत आटवून केलेली वडी. गोव्यात हिला पेराद म्हणतात. पोर्तुगालमध्ये बिहीच्या (इंग्रजीत क्विन्स) फळाची अशीच वडी करत. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या ब्राझीलमध्ये बिहीच्या जागी पेरू आला. पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ होते, त्यामुळे हा पदार्थ आमच्या घरांत परका वाटत नाही.

माझं पहिलं ठाम मत: ही नाताळच्या आधी करू नका. २३-२४ तारखेला करंज्या, केक, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा (प्रार्थनाविधी), आल्यागेल्यांचं चहापाणी, यातून सलग तासभर कढईपाशी उभं राहता येत नाही, आणि पेरूची चीज नेमकी तेवढंच मागते. सण झाला की पाहुणे जातात, मुलं नव्या खेळण्यांत रमतात, दुपारी घरात आवाज नसतो. ६ जानेवारीला तीन राजांचा (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचा) सण होईपर्यंतचे हे दिवस याच कामासाठी आहेत. थंडीचे पेरूही तेव्हा भरपूर मिळतात.

पेरू पिकलेले घ्या, पण दोन-तीन करकरीत असू द्या. वडी धरते ती त्यांच्यामुळे. चार तुकडे करून, बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजवा, पाणी निथळा आणि गर चाळणीतून घासून काढा. मिक्सरला लावू नका, बिया भरडल्या जातात आणि वडी दाताखाली कचकचते. गर वजन करून घ्या. १ किलो गराला ७५० ग्राम साखर, २ लिंबांचा रस, चिमूटभर मीठ, २ चमचे लोणी. लाल रंग घालायची गरज नाही. पांढऱ्या पेरूची चीज मधासारख्या रंगाची होते आणि तीच मला आवडते.

आता आटवणं. सगळं यावर आहे.

माझी पहिली चीज फसली ती घड्याळामुळे. कृतीत ४० मिनिटं लिहिली होती, मी ४० मिनिटांनी उतरवली. ताटात छान दिसली. दुसऱ्या दिवशी मावशीने ताटावरचा कागद उचलला, तर अर्धी चीज कागदाला चिकटून वर आली. पुढच्या वर्षी भीतीपोटी जास्त आटवली आणि ती दातांनी तुटेना. तेव्हापासून मी मिनिटं मोजत नाही. पेरूत पाणी किती, कढई किती रुंद, आच किती, यावर पाऊण तासही लागतो आणि सव्वा तासही.

जाड बुडाची रुंद कढई घ्या, लांब दांड्याचा लाकडी कलथा घ्या आणि हाताला फडका गुंडाळा. साखर घातली की गर आधी पातळ होतो, घाबरू नका. साखर विरघळली की लिंबाचा रस घाला, त्याने वडी धरते आणि पुढे साखर दाणेदार होत नाही. मग गर उडायला लागतो. हा चटका वाईट असतो, चिकटून बसतो. मुलांना या वेळी ओट्यापाशी येऊ देऊ नका. आच मंद ठेवा. मोठी केली की बुडाला करपते आणि करपटलेली चव काही केल्या लपत नाही.

थोड्या वेळाने कलथा ओढला की कढईचं बूड दिसतं आणि लगेच झाकलं जातं. बहुतेकजण इथेच थांबतात. हा जॅम आहे, चीज नाही. लोणी घाला आणि ढवळत राहा. ओढलेली रेघ तशीच उघडी राहते, उडणं थांबतं, मिश्रण कडा सोडून कलथ्याभोवती एकच गोळा होऊन फिरतं आणि त्याच्या कडेला लोणी चमकायला लागतं. आता गार बशीवर थेंबभर टाका, मिनिटभर थांबा, बोटांत वळा. गोळी झाली आणि बोट कोरडं राहिलं, तर गॅस बंद. बोटाला लागली तर आणखी तीन-चार मिनिटं आणि पुन्हा बशी.

"फ्रीजमध्ये ठेवा, आपोआप घट्ट होईल" हा सल्ला ऐकू नका. कमी आटलेली चीज फ्रीजबाहेर काढली की पुन्हा सैल पडते. कॉर्नफ्लोअर तर अजिबात घालू नका, चव खळीसारखी होते. सैल राहिली तर परत कढईत घालून आटवा, बिघडत नाही. कडक झालेलीला मात्र मला आजवर उपाय सापडलेला नाही.

लोणी लावलेल्या ताटात ओता, वाटीच्या बुडाने सपाट करा, कोमट असताना शंकरपाळ्यांसारखे काप पाडा. वड्या दुसऱ्या दिवशी सोडवा आणि एकेक बटर पेपरमध्ये गुंडाळा.

ताटं परत देताना कुठलं कोणाचं हे आधी बघून घ्या. स्टीलच्या ताटांवर मागच्या बाजूला नावं कोरलेली असतात. काकूंच्या डब्यात मी बारा वड्या घालते. कढईची खरवड मुलांची, पण कढई पूर्ण गार झाल्यावरच.