आगीशी झुंजताना गेलेल्या जवानाचे स्मरण कसे करावे

अग्निशमन दलातला एखादा जवान कर्तव्यावर असताना गेला, की पहिल्या वर्षी शोकसभा, फलक आणि पुष्पचक्रे यांना तोटा नसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र केंद्रातल्या तसबिरीपुढे त्याच्याच पाळीतले चार सहकारी आणि घरची दोन माणसे एवढेच उरतात. अशा वेळी स्मरणाची जबाबदारी ज्यांच्या अंगावर येते, ते केंद्रातले सहकारी असोत, गल्लीतले मंडळ असो, गृहनिर्माण संस्था असो की तो ज्या शाळेत शिकला तिथले शिक्षक, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की त्या माणसाने त्या दिवशी नेमके काय केले ते नीट शोधावे, नीट लिहावे आणि दर वर्षी वाचून दाखवावे. हार, भाषणे आणि मांडव हे सगळे त्यानंतर.

सुरुवात घरच्यांपासून करावी. कार्यक्रमाची पत्रिका छापून मग "आपण यायचे आहे" असे कळवणे हा उलटा क्रम झाला. आधी एकट्याने किंवा फार तर दोघांनी घरी जावे, आणि त्यातला एक जण त्याच्या पाळीतला असावा, कारण वहिनींना अध्यक्ष-सचिवांपेक्षा त्याच्याबरोबर गाडीवर असणारा माणूस जवळचा वाटतो. काही गोष्टी तिथेच विचारून घ्याव्यात. घरी वर्षश्राद्ध तिथीने करतात, केंद्रात मात्र स्मृतिदिन तारखेने पाळतात. दोन्ही दिवस जवळजवळ आले तर घरच्यांवर एकाच आठवड्यात दोनदा तोच ताण पडतो, म्हणून त्यांना कोणता दिवस सोयीचा आहे ते त्यांनीच सांगू द्यावे. घर ख्रिस्ती, मुसलमान किंवा बौद्ध असेल, तर आपल्या सवयीचे हार-नारळ-समई गृहीत धरू नये. दीपप्रज्वलनाचा प्रश्न तर मुद्दाम काढावा: ज्या घरातला माणूस आगीत गेला, त्या घराला व्यासपीठावरची ज्योत पाहवेल की नाही हे आपण ठरवायचे नाही. समईऐवजी रोपट्याला पाणी घालून कार्यक्रम सुरू केला, तरी काही अडत नाही.

तसबिरीचेही तसेच आहे. दलाला गणवेशातला, पदक लावलेला फोटो हवा असतो. आईला बहुधा गणपतीत काढलेला, हसरा फोटो आवडतो. माझ्या मते दोन्ही ठेवावेत, गणवेशातला केंद्रात कायमचा आणि घरचा त्या दिवसापुरता.

मदतीबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. धनादेशाची पाटीएवढी प्रतिकृती पत्नीच्या हाती देऊन छायाचित्र काढण्याची पद्धत बंद करावी. जे द्यायचे ते घरी जाऊन द्यावे, आणि पैशाइतकीच गरज असते ती कागदपत्रांमागे धावणाऱ्या माणसाची. कुटुंब निवृत्तिवेतन, विम्याची रक्कम, अनुकंपा तत्त्वावरची नोकरी, सेवानिवासस्थान सोडण्याची मुदत, या प्रत्येकाची फाइल वेगळ्या टेबलावर असते. या फाइली मार्गी लागेपर्यंत महिन्यातून एकदा कार्यालयात जाणारा एक सहकारी नेमला, तर ते मी मोठ्यात मोठे स्मरण समजतो.

तारखेचा विचार आता करू. ज्याचा स्वतंत्र स्मृतिदिन पाळायला कुणी उरलेले नाही, त्याच्यासाठी १४ एप्रिल हा दिवस आहेच. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीला लागलेली आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस व त्यापुढचा २० एप्रिलपर्यंतचा सप्ताह अग्निशमन सेवेचा म्हणून पाळला जातो. मुंबईत भायखळ्याच्या मुख्यालयातील स्मारकाजवळ मानवंदना होते. एक व्यावहारिक अडचण मात्र आधीच लक्षात घ्यावी: त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती असते, त्यामुळे सभागृहे, ध्वनिक्षेपक आणि पोलिसांची परवानगी हे सगळे आधीच गुंतलेले असते आणि दलाचे जवानही ठिकठिकाणी बंदोबस्तावर असतात. म्हणून केंद्रातली मानवंदना सकाळी लवकर उरकावी आणि नागरिकांचा कार्यक्रम सप्ताहातल्या दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी ठेवावा. गोदीतला पहिला मोठा स्फोट दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी झाला. ज्यांना १४ तारखेलाच काही करायचे आहे, त्यांनी निदान त्या मिनिटाला आपापल्या जागी उभे राहावे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आता मुख्य काम, म्हणजे नोंद लिहिणे. बहुतेक स्मृतिफलकांवर "प्राणांची पर्वा न करता", "शौर्याने लढत", "कर्तव्याच्या वेदीवर" असे शब्द असतात, आणि ते कोणत्याही नावाखाली चालतात. जो मजकूर कुणालाही चालतो, तो कुणाचाच नसतो. त्यापेक्षा १९४४ची हकीकत नुसती क्रमाने सांगून पाहा. बोट इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आली. तिच्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच बोटीत कापसाच्या गाठी भरल्या होत्या. १४ तारखेला दुपारी बोटीच्या पोटातून धूर दिसला. जवान नळ्या घेऊन बोटीवर आणि धक्क्यावर उभे राहिले, शेकडो टन पाणी आत सोडले गेले, तरी आग नेमकी कुठे धुमसते आहे ते सापडेना. कापूस आतून जळत राहतो, हे ज्याने जळकी गाठ हाताळली आहे त्याला सांगावे लागत नाही. पहिला स्फोट झाला तेव्हा हे जवान नळी धरूनच उभे होते, आणि अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. यात एकही विशेषण नाही, तरी ऐकणारा गप्प होतो.

अलीकडचे उदाहरण काळबादेवीचे. ९ मे २०१५ रोजी तिथल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि आग विझवण्याचे काम चालू असतानाच इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले; गंभीर भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचे त्याच महिन्यात रुग्णालयात निधन झाले. दलाचा प्रमुख स्वतः जळत्या इमारतीशी होता, एवढे एक वाक्य वाचून दाखवले, की नेतृत्वावर वेगळे भाषण लागत नाही.

अशी नोंद तयार करताना वर्दीच्या वहीपासून सुरुवात करावी. (शाळेतल्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, हिंदीमुळे त्यांना वर्दी म्हणजे गणवेश वाटतो, दलात मात्र वर्दी म्हणजे आगीची खबर.) वर्दी किती वाजता आली, गाडी किती वाजता निघाली, गाडीवर कोण कोण होते, रस्त्यात काय अडले, इमारत किती मजल्यांची आणि कशा बांधणीची होती, त्याच्या हातात त्या वेळी काय होते: नळी, शिडीची दोरी की आतून बाहेर काढलेले मूल? चौकशी अहवाल उपलब्ध असेल तर तो माहितीच्या अधिकारात मागता येतो. त्यानंतर सहकाऱ्यांशी बोलावे, पण सगळ्यांना एकत्र बसवून नव्हे, एकेकट्याने. एकत्र बसले की सगळ्यांची आठवण पहिल्या बोलणाऱ्यासारखी होऊन बसते. चौकशी चालू असेल तर दोष कुणाचा याविषयी एक अक्षरही लिहू नये, आणि जे घडले नाही ते गौरवासाठी घालू नये. मूल वाचवले नसेल तर वाचवले असे म्हणू नये. पंप चालवताना भिंत अंगावर येऊन गेलेला चालकही कर्तव्यावरच गेलेला असतो.

नावे दोनदा तपासावीत. जुन्या नोंदी इंग्रजीत असतात आणि त्यावरून देवनागरीत उतरवताना साळवीचे साळवे आणि कदमचे कडम होऊन बसते. सेवापुस्तकातले नाव आणि घरचे लोक लिहितात ते नाव जुळते का, हे दगडावर कोरण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. 'शहीद' की 'हुतात्मा' यावर मंडळांमध्ये वाद होतात. मला 'हुतात्मा' हा शब्द मराठीत मुरलेला वाटतो, पण शासकीय कागदावर त्या शब्दाने काही मिळते असे समजून कुणी घरच्यांना आशा दाखवू नये. "कर्तव्य बजावताना वीरमरण" हे फलकावर पुरते.

जागा निवडताना एकच नियम पाळायचा: केंद्रात कार्यक्रम असेल तर गाड्यांच्या दारापुढे काहीही मांडू नये, मांडव नको, खुर्च्या नकोत, रांगोळीसुद्धा नको. एका केंद्रातला कार्यक्रम मला चांगला आठवतो. दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली आणि पाऊण मिनिटातच घंटा वाजली. पहिल्या रांगेतले सहा जण टोपी काढून गमबुटात पाय घालतच पळाले, बंब बाहेर पडला, आणि आम्ही उरलेले, कुणी हात जोडलेले, कुणी मान खाली घातलेली, सायरन वळणापलीकडे जाईपर्यंत तसेच उभे राहिलो. त्याच्या आईने डोळे पुसले नाहीत, "कुठे लागली?" एवढेच विचारले. पुढच्या वर्षीपासून तिथे खुर्च्या दोन बाजूंना लावतात आणि मधली वाट मोकळी सोडतात.

परदेशातल्या चित्रफिती पाहून अलीकडे काही जण ठरावीक ठोक्यांची घंटा किंवा बिनतारी यंत्रावरून शेवटची हाक असे विधी आणू पाहतात. त्यांची ती परंपरा आहे, आपली नाही. आपल्याकडे हजेरीपटाप्रमाणे नावे वाचणे, पुष्पचक्र, सलामी आणि स्तब्धता एवढे पुरेसे आहे. हजेरीच्या वेळी त्याचे नाव पुकारून सहकाऱ्यांनी एकत्र "हजर" म्हणायचे असेल, तर आधी त्याच्या मुलांना सांगून ठेवावे. ते अचानक कानावर पडले तर सोसत नाही.

गृहनिर्माण संस्थेने स्मरण करायचे असेल, तर सभागृहापेक्षा जिना योग्य. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक अधिनियमाप्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. स्मृतिदिनाच्या सकाळी ते प्रमाणपत्र काढून पाहावे, जिन्यातल्या सायकली आणि जुनी कपाटे हलवावीत, बंब आत वळेल एवढी जागा गाड्यांपासून मोकळी करावी आणि केंद्राला विनंती करून एक सराव घ्यावा. त्याचे नाव तेव्हा घ्यावे, सगळे खाली मैदानात जमल्यावर, नोंदीचा एक परिच्छेद वाचून. तेवढ्याला चार मिनिटे लागतात.

कार्यक्रम संपला, की घरून आणलेल्या वस्तूंकडे आधी पाहावे. पदक, टोपी, फोटो, कधी जळकट कडेचे हेल्मेट, हे सगळे आणताना यादी करून सही दिलेली असावी आणि त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी नव्हे, स्वतः घरी नेऊन द्यावे. पदक पुसून द्यावे. हेल्मेटला मात्र फडके लावू नये, त्यावरची काजळी घरच्यांनी मुद्दाम तशी ठेवलेली असते.