नागपूरहून हम्प्ता पास: आधी उंचीचा हिशेब, मग सुट्टीचा

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंचीवर आहे आणि हिमाचलातला हम्प्ता पास, म्हणजे डोंगरातली खिंड, सुमारे ४,२७० मीटरवर. कमी झालेल्या ऑक्सिजनची शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. सुट्टी आठवड्याची आहे म्हणून ट्रेक आठवड्यात कोंबला, की तेच दिवस कापले जातात आणि बेत तिथेच फसतो.

मुक्कामांची उंची मांडा

कागदावर रोजची झोपायची जागा लिहा. मनाली सुमारे २,०५० मीटर, चिका ३,१००, बालू का घेरा ३,६००, शिया गोरू ३,९००, छत्रू ३,३५०. साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर कालच्या आणि आजच्या मुक्कामात ५०० मीटरपेक्षा जास्त फरक नको. दिवसा त्याहून वर जाऊन खाली आलं तर चालतं, कारण मोजायची ती झोपायची उंची.

आता आकडे बघा. चिकापासून पुढचं सगळं नियमात बसतं, खटकतो तो मनाली ते चिका हा हजार मीटरचा टप्पा. बरेचसे ठरीव कार्यक्रम मात्र मनालीला जमायचं आणि त्याच दिवशी चिका गाठायचं, असेच असतात. म्हणून मनालीत आधी दोन रात्री काढा. चिकालाही एक रात्र जास्तीची मिळाली तर उत्तमच.

तारखा आणि तिकिटं

या वाटेचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. जूनमध्ये बर्फ जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि दरडी. नागपूर-दिल्ली रेल्वे, मग रात्रभराची मनालीची बस, मनालीचे दोन मुक्काम, चार-पाच दिवस ट्रेक, परतीचा प्रवास आणि हवामानासाठी एक राखीव दिवस, असे बारा दिवस धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परतीचं तिकीट राखीव दिवसानंतरचंच काढा, नाहीतर गाडी चुकेल या धास्तीनं माणसं खराब हवेतही पास ओलांडायला निघतात.

सराव

जूनअखेर जायचं तर मार्चच्या मध्यापासून लागा. अंबाझरीला किंवा फुटाळ्यावर चालल्यानं दम वाढतो, मांड्या तयार होत नाहीत. त्यासाठी जिनाच हवा. आठवड्यातून तीन दिवस सॅकमध्ये चार लिटर पाणी भरून दहा मजल्यांइतकं चढा-उतरा, आणि दर दोन आठवड्यांनी वजन व मजले थोडे वाढवत आठ किलोपर्यंत जा. उतरताना लिफ्ट घेऊ नका. पास ओलांडल्यावर शिया गोरूची उतरण तीव्र आहे आणि गुडघे रडवते ती तीच. रविवारी रामटेकचा गड गाठा. जमलं तर पचमढीला जाऊन चौरागडच्या पायऱ्या करा. यातून पाय तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र विदर्भात कुठेच होत नाही.

मेअखेरच्या नवतप्यात सराव पहाटे साडेसहापर्यंत संपवा. उन्हात घाम गाळून थंडीची तयारी होत नाही.

सॅक

बूट अर्धा नंबर मोठे घ्या, कारण उतारावर बोटं पुढे आदळतात. नवे असतील तर ट्रेकआधी ते घालून ५० किलोमीटर तरी चाला. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा: ओलं सुती कापड लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. घाम शोषून लगेच वाळणारा थर, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड), डाउन जॅकेट (पिसं भरलेलं) आणि सगळ्यात वर पावसाळी थर. बर्फासाठी अतिनील किरण अडवणारा गॉगल. पाणी ओलांडायला पट्ट्यांच्या सँडल. बॅटऱ्या आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा, थंडीनं लवकर उतरतात. खाऊ म्हणून गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर न्या. उंचीवर भूक मरते आणि तळलेला चिवडा घशाखाली उतरत नाही. संत्रा बर्फी मनालीतच संपवा.

डोकं दुखलं तर

आपल्याकडे डोकं दुखून मळमळलं की ‘पित्त झालं’ म्हणून मोकळे होतात. तिथे हे चालणार नाही. ३,००० मीटरच्या वर ही उंची बाधल्याची खूण आहे असंच धरा. तिथेच थांबा, पाणी प्या, त्या दिवशी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागणं, सततचा खोकला, बरळणं, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी सोबत माणूस देऊन खाली उतरवा. गोळी आणि ऑक्सिजन उतरण्याला पर्याय नाहीत. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, आधीपासून घ्यायची असेल तर नागपुरातच डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

पुढे जायचं की परतायचं, हा निर्णय बालू का घेराला, रात्रीच्या जेवणाआधी घ्या. तिथून चिकाला परतणं सोपं आहे. पास ओलांडल्यावर मात्र इकडे परतायला पुन्हा पास चढावा लागतो.

पासचा दिवस

अंधारातच निघा, दुपारनंतर ढग भरतात. गाइडनं ‘परत’ म्हटलं तर वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी शिया गोरूहून निघताना ओढा सकाळी लवकर पार करा. ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. एकमेकांचे हात घट्ट धरा, सॅकचा कमरपट्टा मोकळा ठेवा आणि पलीकडे पोचल्यावर पाय कोरडे करूनच मोजे चढवा.