टेकडीवर रोव्हर चालवायचाय? मग रिमोट घरी ठेवा

मंगळावरचा रोव्हर, म्हणजे तिथे फिरणारी यंत्रगाडी, कोणी जॉयस्टिकने चालवत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. सिग्नल पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे इथे फोटोत दगड दिसून तुम्ही ब्रेक मारेपर्यंत तिथे गाडी कधीच आपटलेली असते. म्हणून आदल्या दिवशीचे फोटो बघायचे, दुसऱ्या दिवसाच्या हुकमांची अख्खी यादी लिहून पाठवायची आणि वाट बघत बसायचं, असा तो कारभार आहे. आणि हा कारभार पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला चारपाच जणांत आरामात करता येतो.

सामान पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळतं. पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या मोटर) असलेलं चार चाकांचं चासी किट म्हणजे गाडीचा सांगाडा, ईएसपी ३२ (गाडीचा मेंदू असलेला छोटा बोर्ड), मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा बोर्ड), बॅटरी, बास. सहा चाकं आणि रॉकर-बोगीच्या (खऱ्या रोव्हरची चाकं खडबडीत जागी टेकलेली ठेवणाऱ्या सांध्यांच्या) नादी पहिल्याच वेळी लागू नका, महिना त्यातच जातो. फक्त एका चाकावर पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवा, कशाला ते पुढे सांगतो.

एक जण गाडीसोबत टेकडीवर, बाकीचे घरी. टेकडीवरच्याने फक्त फोटो पाठवायचे, "अरे डावीकडे खड्डा आहे" असं ग्रुपवर टाकलं की खेळ बाद. फोटो दोन उंचीवरून घ्या, एक चाकाजवळून आणि एक गुडघ्याएवढ्या उंचीवरून, कारण मंगळावरच्या नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरवरही खाली अंगाला हॅझकॅम (जवळचे अडथळे बघणारे कॅमेरे) आहेत आणि वर मानेवर नॅवकॅम (वाट बघणारे कॅमेरे).

आता यादी. सरळ २ मीटर, डावीकडे ३० अंश, परत १ मीटर, हे कोणीही लिहितं. खरी मेख आहे ती कधी थांबायचं हे लिहिण्यात. गाडी किती कलली तर थांबायचं, किती मिनिटांत पोचली नाही तर थांबायचं, किती घसरली तर थांबायचं, हे प्रत्येक ओळीपुढे आलंच पाहिजे, आणि एकदा थांबली की घरून नवीन यादी येईपर्यंत तिने जागची हलायचं नाही. एक दिवस वाया जातो पण गाडी वाचते. २००९ मध्ये मंगळावर नासाच्या स्पिरिट रोव्हरची चाकं वरून घट्ट दिसणाऱ्या मातीत रुतली आणि तो तिथून परत कधी निघालाच नाही.

घसरण मोजायला ती टेप. बीओ मोटरचं चाक साधारण ६५ मिमीचं असतं, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे २० सेंमी. दहा फेरे झाले तर गाडी २ मीटर जायला हवी, आणि फूटपट्टीने १.४ मीटरच भरलं तर घसरण ३० टक्के. कातळावर हा आकडा कमी येईल, सुट्या मुरमाच्या चढावर बघा कसा चढतो ते. क्युरिऑसिटीच्या चाकाला यासाठीच भोकं पाडलीयत, मातीत त्यांचे ठसे उमटतात आणि ठशांमधलं अंतर बघून कळतं की गाडी खरंच पुढे गेली की जागेवरच चाकं फिरली. त्या ठशांत मोर्स कोडमध्ये जेपीएल, म्हणजे तो रोव्हर बनवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेचं नाव, लिहिलेलं असतं ही आपली एक गंमत.

घरच्या टीमचे दोन भाग करा, ड्रायव्हर आणि सायंटिस्ट, आणि त्यांना खुशाल भांडू द्या. सायंटिस्टना प्रत्येक दगडापाशी थांबायचं असतं, ड्रायव्हरना बॅटरी दिसत असते. तोडगा असा की आधी लांबून बघायचं, क्युरिऑसिटीचा लेझर ७ मीटरपर्यंतच्या दगडावर मारता येतो, आणि त्यातून काही वेगळं वाटलं तरच जवळ जायचं. आपल्या टेकडीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये कुठे कुठे पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसतात, ते टार्गेट म्हणून झकास. दगड फोडू नका हां, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. क्युरिऑसिटीनेही १९०९ चा एक अमेरिकन सेंट सोबत नेलाय, कॅमेरा तपासायला.

आणि मागे फिरायची लाज बाळगू नका. चंद्रावर सिग्नल सव्वा सेकंदात पोचतो, तरीही २७ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरसमोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचं विवर आलं तेव्हा इस्रोने त्याला आल्या वाटेने परत फिरवलं. २६ किलोची गाडी, सेकंदाला सेंमीभर चालणारी, तरी एवढी काळजी.

दोन दिवस खेळणार असाल तर दुसऱ्या दिवशी ४० मिनिटं उशिरा सुरू करा, मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा असतो आणि क्युरिऑसिटीच्या टीमची शिफ्ट सुरुवातीला अशीच रोज पुढे सरकत होती.

बॅटरीतली थोडी शेवटच्या फोटोंसाठी राखून ठेवा. गाडी जिथे थांबली तिथून चारी बाजूंचे फोटो आले नाहीत तर उद्याची ड्राइव्ह रद्द, त्या दिवशी चाक हलवायचं नाही, मानेवरच्या कॅमेऱ्याने आजूबाजूचे दगड आणि आभाळ बघत बसायचं. मंगळावरही असंच करतात.