ब्राउझरमधलं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर हवंय? मग या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या मालवाहतुकीच्या एका ऑफिसातून वीस तारीख जवळ आली की मला फोन येतोच. "ताई, बिलिंगचं पान सापडत नाही." पान कुठे गेलेलं नसतं. पंचवीस-तीस टॅब उघडे असतात, नावं दिसेनाशी होऊन नुसते बारके आयकॉन उरलेले असतात आणि जीएसटीचं 3बी रिटर्न भरायची घाई असते. मग तिथले काका विचारतात, "याचं वेगळं सॉफ्टवेअर मिळत नाही का? आधीचं कसं, आयकॉनवर डबल क्लिक केलं की उघडायचं."

मला ही मागणी रास्त वाटते. ज्या कामावर धंदा चालतो, त्याला स्क्रीनवर आपली ठरलेली जागा हवी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान ऑफिसांचे संगणक मी सांभाळते. या एका हौसेपायी होणारे घोटाळे तिथे पुन्हा पुन्हा निस्तरावे लागतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गूगलवर 'डेस्कटॉप अ‍ॅप डाउनलोड' शोधू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. तुर्भ्याच्या एका ऑफिसात मुलाने असंच शोधलं आणि वर आलेल्या पहिल्या जाहिरातीतून फाइल उतरवून चालवली. त्या सॉफ्टवेअरचं डेस्कटॉप अ‍ॅप मुळात नव्हतंच. आयकॉन मात्र हुबेहूब होता. दोन दिवसांत ब्राउझरचं पहिलं पान बदललं, मशीन रखडायला लागलं. अखेर विंडोज नव्याने टाकलं आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले.

खरं अ‍ॅप आहे की नाही हे पाहायचं असेल, तर नेहमीच्या पत्त्यावर जाऊन लॉगिन करा आणि आत डाउनलोडचा दुवा आहे का बघा. नसेल, तर ते अ‍ॅप नाही असंच धरून चाला. कोणत्याही साइटला अ‍ॅपचं रूप देणारी आयती साधनंही मी वापरत नाही. 'नेटिव्हफायर' हे त्यांतलं बरंच लोकप्रिय साधन, त्याची देखभाल 2023 मध्ये थांबली. अशा गुंडाळलेल्या अ‍ॅपच्या पोटात ब्राउझरचं इंजिन असतं आणि ते जुनं झालं की सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

त्यापेक्षा सोय ब्राउझरमध्येच आहे. क्रोममध्ये साइट उघडून उजवीकडचे तीन ठिपके, मग 'कास्ट, सेव्ह अँड शेअर', त्यात 'इन्स्टॉल पेज अ‍ॅज अ‍ॅप'. एजमध्ये हेच काम 'अ‍ॅप्स'मध्ये सापडतं, काही आवृत्त्यांत ते 'मोअर टूल्स'च्या आत असतं. फायरफॉक्सने विंडोजवर ही सोय 2025 मध्ये दिली. बसवण्याआधी साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासा. एकदा बरोबर पत्त्यावरून बसवलं की तो आयकॉन दर वेळी तिथेच नेतो, शोधत बसावं लागत नाही.

काही जण 'क्रिएट शॉर्टकट' करतात आणि म्हणतात, "केलं की, पण टॅबमध्येच उघडतंय." शॉर्टकट टॅबच उघडणार. वेगळ्या विंडोसाठी इन्स्टॉलच करायला हवं.

विंडो वेगळी झाली तरी लॉगिन तेच असतं

सर्वाधिक तक्रारी इथून येतात, म्हणून जरा थांबून वाचा. क्रोम किंवा एजमधून बसवलेलं अ‍ॅप दिसायला स्वतंत्र असतं, पण कुकीज (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या लॉगिनसारख्या गोष्टींच्या बारीक नोंदी) आणि लॉगिन त्याच ब्राउझर प्रोफाइलमधले, म्हणजे ब्राउझरमधल्या त्याच वापरकर्त्याच्या कप्प्यातले वापरतं. त्यामुळे टॅबमध्ये लॉगआउट केलं की अ‍ॅपही बाहेर पडतं. "अ‍ॅप रोज ओटीपी मागतंय" अशी तक्रार आली की मी आधी दोन गोष्टी बघते: ब्राउझर बंद करताना कुकीज पुसायची सेटिंग चालू आहे का, आणि 'सफाई' करणारा एखादा प्रोग्रॅम रात्री सगळं झाडून नेतोय का. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो.

याच कारणाने दोन फर्मची कामं एकदम करणारे गोत्यात येतात. नौपाड्यातल्या एका कर सल्लागारांकडे एकाच पोर्टलच्या दोन विंडो शेजारी शेजारी उघड्या होत्या. एकीत पहिल्या फर्मचं लॉगिन, दुसरीत दुसऱ्या फर्मचं. दुसरं लॉगिन झालं आणि पहिलं उडालं. नशीब, रिटर्न भरण्याआधी ते लक्षात आलं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक फर्मसाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल काढा, त्याला वेगळा रंग द्या आणि त्या त्या प्रोफाइलमध्ये जाऊनच अ‍ॅप बसवा. आयकॉनच्या नावात फर्मचं नाव घाला. दोन सारखे आयकॉन टास्कबारवर ठेवणं म्हणजे चुकीला निमंत्रण.

मॅकवर मात्र उलटा प्रकार आहे. 2023 च्या सोनोमा या मॅकओएस आवृत्तीपासून सफारीत 'फाइल'मधून 'अ‍ॅड टू डॉक' करता येतं. असं अ‍ॅप आपल्या कुकीज सफारीपासून वेगळ्या ठेवतं, म्हणजे सफारीत लॉगआउट केलं तरी अ‍ॅप चालू राहतं.

इंटरनेट गेलं की?

आयकॉन डेस्कटॉपवर आला म्हणजे सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर उतरलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पावसाळ्यात घोडबंदर रोडकडे नेट गेलं की मग फोन सुरू होतात. नेटशिवाय काय चालावं हे साइट बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, इन्स्टॉल केल्याने त्यात भर पडत नाही. गूगल डॉक्सचं ऑफलाइन चालू करायचं तर तेही नेट असतानाच करून ठेवावं लागतं. आजच दोन मिनिटं वायफाय बंद करा आणि अ‍ॅप उघडून बघा, म्हणजे कळेल.

वेग वाढेल ही आशाही ठेवू नका. आत इंजिन तेच, मेमरीही जवळपास तेवढीच लागते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, कोणतं पान किती मेमरी खातंय ते दिसेल. स्लॅक किंवा डिस्कॉर्डसारखी उतरवून घेतलेली अ‍ॅप 'इलेक्ट्रॉन' या सॉफ्टवेअर बनवायच्या साधनावर बनलेली आहेत आणि त्यांतलं प्रत्येक अ‍ॅप स्वतःचं वेगळं इंजिन घेऊन येतं. 8 जीबीच्या मशीनवर मी तरी ब्राउझरमधून बसवलेलंच पसंत करते.

नोटिफिकेशन येत नसेल तर तीन ठिकाणी बघा: साइटला दिलेली परवानगी, विंडोजच्या सेटिंग्जमधलं 'नोटिफिकेशन्स' आणि तिथलंच 'डू नॉट डिस्टर्ब'. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम'मध्ये ब्राउझर बंद केल्यावरही अ‍ॅप मागे चालू ठेवण्याचं बटण आहे, तेही तपासा.

अ‍ॅप काढून टाकताना समोर येणारा चौकोन नीट वाचा. त्यात साइटचा डेटाही पुसण्याची खूण असते. ती केली तर ब्राउझरमधलं लॉगिनही जातं. सर्व्हरवरची बिलं तशीच राहतात, पण पासवर्ड कुणाला आठवत नसेल तर तो दिवस त्यातच जातो.

काकांच्या मशीनवर बिलिंगचं अ‍ॅप आता टास्कबारवर डावीकडून पहिलं आहे. तिथे पिन केलेलं पहिलं अ‍ॅप विंडोजचं बटण आणि 1 एकत्र दाबलं की उघडतं. कीबोर्डवर त्यांनी 1 च्या बटणाला पिवळा स्टिकर लावलाय.