रास्पबेरी पायवर शुगर बसवताना आधी चार्जर बघा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेसाठी मी रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर 'शुगर' बसवलं. शुगर हा खास लहान मुलांसाठी केलेला डेस्कटॉप, म्हणजे मशीन सुरू केल्यावर पडद्यावर दिसतो तो सगळा मांडणीचा प्रोग्राम. गरीब मुलांना स्वस्त लॅपटॉप देणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपसाठी तो मुळात तयार झाला. २००७ मध्ये ते लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेतही आले होते.

माझे पहिले दोन दिवस वाया गेले. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह उमटायचं आणि मशीन अडखळायचं. मी तीनदा मेमरी कार्ड पुसून सगळं नव्याने टाकलं. दोष होता मोबाइलच्या जुन्या चार्जरचा! पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो, तिथे काटकसर नको. चालू मशीनची वीज गेली की मेमरी कार्डावरच्या फाइली बिघडू शकतात, म्हणून कार्डाची एक तयार नक्कल डब्यात ठेवा. आणि आपला उन्हाळा! चिप ८० अंशांवर तापली की पाय आपणहून वेग कमी करतो. पत्र्याच्या खोलीत त्याला छोटा पंखा लावाच.

बाकी काम तासाभराचं. कार्डावर रास्पबेरी पाय ओएस टाका, नेट जोडा, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'sudo apt update' आणि मग 'sudo apt install sucrose' टाका. शुगरच्या पॅकेजचं नाव सुक्रोज आहे, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रीस्टार्टनंतर नेहमीचाच डेस्कटॉप उघडला, तर ऑटो-लॉगिनच्या सेटिंगमध्ये सेशन बदलून 'शुगर' करा. मराठीच्या जागी चौकोन दिसले, तर लोहित देवनागरी फॉन्ट टाका.

शुगरमध्ये केलेलं काम आपोआप 'जर्नल'मध्ये जमा होतं. सेव्हचं बटण शोधत बसतो ते आपण मोठेच. पोरं विचारतसुद्धा नाहीत.

आमच्याकडची बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात. पाचवीतल्या एका मुलीला 'टर्टल ब्लॉक्स' दाखवलं, म्हणजे आज्ञांचे ठोकळे जोडून पडद्यावरच्या कासवाकडून चित्र काढून घ्यायचा शुगरमधला प्रोग्राम: पुढे १००, उजवीकडे ९०, हेच चार वेळा. चौकोन झाला. मग तिने 'रिपीट'च्या, म्हणजे तेच पुन्हा करायला सांगणाऱ्या ठोकळ्याच्या, आत दुसरा रिपीट बसवला आणि पडद्यावर नक्षीची अख्खी रांग उमटली.

"दादा, पप्पांच्या मागावर चादरीला असंच फूल परत परत येतंय."

त्या संध्याकाळी तिने दुसऱ्या कुणाला माऊसला हात लावू दिला नाही.