चिनी ड्युअल-स्पोर्ट हलकी करताना: आधी वजनकाटा, मग पाना

अमेरिकेत खोक्यातून घरपोच येणाऱ्या स्वस्त चिनी ड्युअल-स्पोर्ट गाड्यांत, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीकडे चालणाऱ्या मोटरसायकलींत, बहुधा २२९ सीसीचं पुशरॉड (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं) इंजिन असतं. त्याची घडण १९७६ च्या होंडा सीजी१२५ वरून आलेली. दणकट, पण ताकद बेताची. त्यामुळे उतरवलेला एकेक किलो जाणवतो. माझी गाडी ॲरिझोनात कोरड्या ओढ्याच्या वाळूत आडवी झाली, तेव्हा तिचं वजन पाठीला कळलं.

सुरुवात बाथरूममधल्या वजनकाट्याने करा. पुढचं चाक काट्यावर, मागच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी, मग उलट. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे गाडीचं वजन. कुणीतरी गाडी नुसती तोलून धरावी, रेलू नये. माझी टाकी भरून पुढे ६४, मागे ७७ भरली: १४१ किलो. सुटे भाग बॅगा मोजायच्या हुकच्या काट्याला टांगा आणि आकडे वहीत लिहा.

पहिली बचत फुकटची. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो, आणि तेही उंचावर. जवळच भटकायचं असेल तर दहा लिटरऐवजी पाच भरा, जवळपास चार किलो गेले.

मग कॅरिअर. लोखंडी नळ्यांचं माझं कॅरिअर २ किलो ६०० ग्रॅम निघालं. सीटच्याही मागे, उंचावर लटकलेलं हे वजन इंजिनाखालच्या तेवढ्याच वजनापेक्षा जास्त नडतं. डबलसीट जायचं नसेल तर मागचे फूटरेस्टही काढा. ब्रॅकेटसकट सव्वा किलोच्या आसपास. पण आधी वाकून बघा, त्या ब्रॅकेटवर आणखी काय टेकलंय. मी बघितलं नाही. सायलेन्सरचा मागचा बोल्ट त्यातच होता. वीस मैलांनी प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, तोवर सायलेन्सर खाली झुकून साइड पॅनेलला चिकटला होता. आता तिथे घरी कापलेली पट्टी आहे.

या गाड्यांचे बोल्ट नरम असतात. जोर लावलात तर आटे गेलेच. ॲल्युमिनियममधल्या एम६ बोल्टला दहा न्यूटन-मीटर पुरे, वर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, थेंब.

पैसे खर्च करायचे तर आधी बॅटरीवर. लेड-ॲसिडच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट बसवली, १ किलो ७०० ग्रॅम वाचले. मात्र विकत घेण्याआधी इंजिन रेझ करून टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. आकडा १४.६ व्होल्टच्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) बदला, नाहीतर नवी बॅटरी माराल.

सायलेन्सर बदलून माझे आणखी दोन किलो कमी झाले. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याला हात लावू नका. पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबाही वजनासाठी काढू नका. उत्सर्जनाच्या साधनांशी छेडछाड अमेरिकी कायद्याला चालत नाही. आणि टॉन्टो नॅशनल फॉरेस्टसारख्या जंगलात जाणार असाल तर नव्या सायलेन्सरमध्ये मान्यताप्राप्त स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारा भाग, हवाच.

ॲल्युमिनियमच्या रिमा? गाडीची किंमत बघता नाकापेक्षा मोती जड. जाड ट्यूबच्या जागी पातळ घालण्याचा मोहही आवरा. इथल्या वाटांवर गोटहेड म्हणतात ते काटे म्हणजे आपलेच सराटे. चप्पल सोडत नाहीत, तिथे ट्यूबचं काय. ब्रेकच्या डिस्कला भोकं पाडणं, स्विंगआर्म कापणं यांचा विचारही नको. दिवे, आरसे, हॉर्न राहू द्यात.

शेवटी पुन्हा वजन. अर्ध्या टाकीवर माझी १३० च्या जरा खाली आली, आणि बहुतेक घट मागच्या चाकावरची. म्हणून मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) नव्याने लावा, हेडलाइट भिंतीवर पाडून तपासा. मागची बाजू उचलली की झोत खाली जातो.

वजनकाटा बाथरूममध्ये परत नेण्याआधी पुसा. त्यावर टायरची वाळू सापडली की घरात चौकशी बसते.