एकदाच उकळलेले पाणी: रात्री ऊब, सकाळी पिण्यासाठी

पेरू देशात टिटिकाका सरोवराच्या काठी, सुमारे ३,८०० मीटर उंचीवरील गावांत, शिक्षणासाठी एखाद्या कुटुंबात राहणाऱ्या विद्यार्थ्याला पिण्याचे पाणी विकत आणावे लागते, आणि जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात रात्री पाय गारठून झोप लागत नाही.

यावर उपाय असा की, रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर, चूल धगधगत असतानाच, घरच्या बाईंना विचारून लिटरभर पाणी उकळायला ठेवावे. त्या भागात जळण मोलाचे असते. केवळ आपल्यासाठी चूल पुन्हा पेटवायला लावणे मला योग्य वाटत नाही. इतक्या उंचीवर पाणी सुमारे ८७ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणून खळखळून उकळी फुटल्यानंतरही ते पूर्ण ३ मिनिटे उकळू द्यावे. मग ते स्वच्छ, एकपदरी स्टीलच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावावे, बाटली जाड लोकरी मोज्यात घालावी आणि अंथरुणात पायांशी ठेवावी. थर्मास येथे कामाचा नाही, कारण तो उष्णता बाहेर सोडत नाही. पातळ प्लास्टिकची बाटली तर उकळत्या पाण्याने आकसते.

सकाळपर्यंत निवलेले हेच पाणी दिवसभर पिण्यासाठी बरोबर नेता येते.

अंथरुणात ठेवण्यापूर्वी बाटली उलटी धरून गळती तपासावी, आणि मोज्याशिवाय ती अंगाला लागू देऊ नये; झोपेत भाजल्याचे लगेच कळत नाही.